कवीची पाठ

डिसेंबर २०२०, नाताळच्या आधीचा सोमवार, सकाळ. ठिकाण: आर्नहेम, आमच्या लहानशा संग्रहालयाचं मोठं दालन.

हजर: मी, मेधा, रजिस्ट्रार. हेंक, चित्रं हलवणारा आणि टांगणारा आमचा सगळ्यांत जुना माणूस; दम्यामुळे दारातल्या खुर्चीवर, तिथून उठायची परवानगी नाही. शिरीष, माझा नवरा. एरवी आइंडहोवेनला चिप बनवायच्या यंत्रांचा इंजिनिअर, आज बदली कामगार. एकाच इंग्रज कवीची डझनभर चित्रं, भिंतीला टेकवलेली. शिवाय एक छोटी पेटी, अजून न उघडलेली.

गैरहजर: प्रेक्षक. आदल्याच आठवड्यात देशातली सगळी संग्रहालयं बंद झाली होती.

हजेरी मांडायची सवय मला पुण्यापासून आहे. तिथे मी एका कारखान्यात आलेला माल तपासायला होते. इथे नवऱ्याच्या नोकरीमागून आले, काही वर्षं घरी बसले, मग या संग्रहालयात फुकट काम करायला लागले आणि हळूहळू पगारावर आले. रजिस्ट्रार म्हणजे काय, असं आपल्या मंडळातले लोक दर गणपतीत विचारतात. लग्नघरात दागिन्यांची पिशवी पोटाशी धरून बसलेली एक मावशी असते. ती एकाही फोटोत नसते, पण ती उठली तर सगळ्यांचा जीव खालीवर होतो. चित्रांच्या बाबतीत ती मावशी मी. चित्र मालकाच्या भिंतीवरून निघालं की परत त्याच खिळ्यावर जाईपर्यंत त्याचा विमा, पेटी, गाडी, हवा, उजेड हे सगळं माझं. आल्यावर टॉर्च तिरपा धरून मी त्याचा इंच न् इंच बघते, जाताना पुन्हा बघते. दोन्ही वेळा चित्र सारखंच दिसलं पाहिजे. आजवर दिसलं आहे.

गिऱ्हाइकं म्हणजे चित्रांचे मालक. त्यांतही वल्ली असतात. मास्ट्रिख्टजवळच्या एका बाईंनी आपल्या पणजीचं चित्र दिलं होतं. त्या रोज संध्याकाळी फोन करून विचारायच्या, "तिला गार तर नाही ना वाटत?" मी दालनाचं तापमान सांगायचे, मग त्या झोपायला जायच्या. पण ज्यांच्याबद्दल लिहायला बसले ते मालक वेगळे. त्यांचं नाव लिहीत नाही, त्या कवीचंही नाही. कुणाच्या घरात कोणतं चित्र आहे ते बोलायचं नाही, हा आमच्या धंद्याचा पहिला नियम, आणि कवीचं नाव सांगितलं तर जाणकार मालकापर्यंत सहज पोचतील. शिरीष त्यांना आजोबा म्हणायचा. मीही तेच म्हणते.

कवीबद्दल मात्र थोडं सांगायला हवं. हा अठराव्या शतकातला. भल्याभल्यांची अब्रू दोन ओळींत काढणारा. लहानपणी हाडांचा क्षय झाला आणि पाठीचा कणा वाकला. उंची साडेचार फुटांच्या आसपास राहिली. शत्रूंनी त्याच्या कुबडावर मनसोक्त तोंडसुख घेतलं. त्यावर त्याने काय केलं, तर स्वतःची चित्रं काढून घेतली. एक नाही, दोन नाही, त्या काळात राजेरजवाडे सोडले तर एवढी चित्रं क्वचितच कुणाची निघाली असतील. प्रत्येकात मोठे डोळे, मेजावर कोपर, कपाळाला टेकलेली बोटं, अंगावर सैलसर झगा, आणि चित्र छातीपाशी संपलेलं. ओळीने लावली की वाटतं, केवढा देखणा, उंचापुरा माणूस असेल! आपण प्रोफाइलचा फोटो निवडतो तसंच, फक्त त्याच्याकडे त्या काळचे उत्तम चित्रकार होते.

त्याची पाठ दिसेल असं चित्र जवळजवळ नाहीच. आजोबांकडे एक होतं. कागदावर लाल खडूने काढलेलं, दोन पोस्टकार्डांएवढं. कवी कुणाशी तरी बोलत उभा आहे, बाजूने दिसतो आहे, आणि पाठ जशी होती तशी. त्याला कळू न देता कुणीतरी काढलेलं असणार.

आजोबा इंग्लंडमध्ये राहतात. उन्हाळ्यात त्यांच्याशी पहिल्यांदा व्हिडिओवर बोलले तेव्हा त्यांची भाची त्यांच्यासमोर फोन धरून बसली होती. त्यांचे हात थरथरत, फोन धरवत नसे.

"चित्र देतो," ते म्हणाले, "पण बाकीच्यांच्या रांगेत लावायचं. मधोमध."

"ते नाही जमणार," मी म्हटलं. धंद्यात सुरुवातीलाच नाही म्हणावं, नंतर महाग पडतं. "ते कागदावर आहे. कागदाला उजेड सोसत नाही. बाकीची तैलचित्रं आहेत, त्यांच्यावर चांगले दिवे असतात. तुमचं बाजूच्या अंधाऱ्या खोलीत लावावं लागेल."

"म्हणजे सगळे दर्शनी खोलीत आणि कुबडा कोठीत."

"उजेडामुळे हो."

"दरवेळी काहीतरी असतंच." मग त्यांनी भाचीला फोन लांब धरायला सांगितला आणि खुर्चीत जरा वळून बसले. त्यांचीही पाठ तशीच होती. तोच आजार, त्याच वयात झालेला. "शाळेच्या फोटोत मला मागच्या रांगेत स्टुलावर उभं करत, पाठ भिंतीला लावून. फोटो फार सुरेख यायचा. आईने फ्रेम करून घेतला होता."

त्यांनी शेवटी चित्र दिलं, अट सोडून दिली, पण सही करताना म्हणाले, "बाई, तुम्ही हुशार दिसता. बघा काही सुचलं तर."

डिसेंबरच्या सुरुवातीला पेटी आली. पेटी लगेच उघडत नाहीत. विरजण लावलेल्या भांड्यासारखी ती एका जागी ठेवायची, दालनाची हवा आतपर्यंत पोचू द्यायची, मग हात लावायचा. ती तशी बसलेली असतानाच टाळेबंदी आली आणि पाठोपाठ भाचीचा फोन. आजोबांना वृद्धाश्रमात हलवायचं ठरलं होतं, नाताळच्या आदल्या दिवशी. तिथे त्या दिवसांत कुणालाच आत सोडत नव्हते, नातेवाइकांनाही नाही.

"मग त्यांच्यासमोर फोन कोण धरणार?" मी विचारलं.

"कुणी नाही," ती म्हणाली. "कर्मचाऱ्यांना वेळ नाही. त्यांना चित्र लागलेलं बघायचं असेल तर त्याआधीच. आणि ते रोज विचारतात."

आमच्या संचालक बाईंचं मत होतं की मांडणी थांबवावी. कुणी येणारच नाही तर घाई कसली? मी म्हटलं, एक जण येणार आहे. बाईंनी परवानगी दिली, पण माणसं कुठून आणणार ते तूच बघ म्हणाल्या.

अडचण खरी तीच होती. सोनेरी चौकटीतलं तैलचित्र एकट्याने उचलत नाहीत. दोघं लागतात, खांद्याला खांदा लावून. आणि नियम दीड मीटरचा. हेंकला कुणाच्याच जवळ जाता येत नव्हतं, त्याचा कामातला जोडीदार आजारी पडून घरी. दीड मीटरच्या नियमातून सुटका फक्त एका घरात राहणाऱ्यांना होती. ते वाचलं आणि मी स्वयंपाकघरात चहा गाळत असलेल्या शिरीषकडे बघितलं.

"नाही," तो म्हणाला. मी अजून काही बोललेही नव्हते.

"सुट्टीच आहे ना तुला?"

"अगं, मी सुट्टीत झोपतो."

मुलगी जिन्यावरून डचमध्ये ओरडली, "बाबांना? त्यांनी लावलेला आरसा अजून तिरका आहे!"

पण मला माहीत होतं मी काय मागते आहे. हा माणूस वीस वर्षं क्लीनरूममध्ये काम करतो. डोक्यापासून पायापर्यंत झाकून घेऊन, ज्यावर श्वास पडला तरी चालत नाही अशा काचा उचलतो. हळू चालणं, हातमोजे, सांगितल्याशिवाय कशाला न शिवणं, हे सगळं त्याच्या अंगात आहे. घरी ते दिसत नाही, ती गोष्ट निराळी. विमा कंपनीला मी त्याचा अनुभव कळवला. लग्नानंतर पहिल्यांदाच नवऱ्याची शिफारस लिहिली. लिहिताना त्याच्याबद्दल बराच आदर वाटला. कंपनीने मान्यता दिली: हेंकच्या देखरेखीखाली चालेल.

आता उजेडाचं. ते मला सोमवारी सकाळी सुचलं. दालनात पाऊल टाकलं तर काळोख. वीज वाचवायला दिवे मुख्य बटणापासून बंद होते, खिडक्यांच्या झडपा लावलेल्या. मी टॉर्च लावून उभी राहिले आणि वाटलं, इथे उजेडच नाही, तर मग कागदाला भीती कसली? प्रेक्षक नाहीत म्हणून दिवे नाहीत. दिवे नाहीत म्हणून ते चित्र रांगेत लागू शकतं. बाजूच्या खोलीइतकंच, किंबहुना जास्तच सुरक्षित.

प्रदर्शनाची आखणी करणारी मारियन घरून काम करत होती. तिला फोन केला.

"आणि उघडायची वेळ आली तर?" तिने विचारलं.

"त्याच दिवशी काढून बाजूच्या खोलीत नेईन. लेखी देते."

"मेधा, तूच मला उजेडावर भाषणं देत आलीस."

"त्या भाषणांत बसतंय म्हणूनच विचारतेय."

ती हसली आणि हो म्हणाली.

आम्ही कामाचे दिवे तेवढे लावले, छोटी पेटी दूर कोपऱ्यात झाकून ठेवली आणि तैलचित्रांना लागलो. हेंक दारातून सूचना देत होता, आम्ही दोघं उचलत होतो. पहिली दोन चित्रं सुरळीत गेली. तिसऱ्याला मी म्हटलं, "डावीकडे घे," तो म्हणाला, "तुझी डावी की माझी?" आणि मग आमचं जे काही सुरू झालं ते घरी सोफा हलवताना होतं तेच होतं.

"भांडायचं तर डचमध्ये भांडा," हेंक ओरडला. "मलाही मत द्यायचंय!"

सातवं चित्र सगळ्यांत मोठं. चौकट माझ्या कमरेच्या वर येणारी, जड. ते आम्ही खाली फोमच्या ठोकळ्यांवर टेकवत होतो. टेकवता टेकवता शिरीषच्या बुटाचं टोक चौकटीच्या खालच्या कडेला लागलं. हलकंच, लागल्याचा आवाजही झाला नाही. आणि या माणसाने काय केलं? एक हात सोडला, खाली वाकला, चौकटीला बोटं लावली आणि ती कपाळाला लावली.

कुणाला पाय लागला, पुस्तकाला पाय लागला की आपण करतो ते. विचार करून कुणी करत नाही. वीस वर्षं क्लीनरूममध्ये घालवूनही ते त्याच्या हातातून गेलं नव्हतं. पण त्या क्षणी चित्राचं अर्धं वजन त्याच्या हातात होतं आणि ते चित्र माझ्याकडे कललं. मी गुडघा पुढे घातला, चौकट मांडीवर तोलली. हेंक खुर्चीवरून उठून अर्ध्या दालनापर्यंत धावत आला आणि तिथेच थबकला, कारण त्यापुढे यायची त्याला परवानगी नव्हती.

"दोन्ही हात! दोन्ही हात!"

शिरीषने पुन्हा धरलं. टेकवलं.

"ते काय होतं?" हेंकने विचारलं. "डोकं दुखतंय का त्याचं?"

मी सांगितलं. हेंकने ते नीट ऐकून घेतलं. मग शिरीषकडे बघून म्हणाला, "माफी कुणाची मागितलीस? कवीची की सुताराची?"

"कवीची," शिरीष म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता. "सवयीने झालं रे."

"पुढच्या वेळी आधी भिंतीवर टांग, मग मागत बस."

टॉर्च तिरपा धरून मी सगळं चित्र बघितलं. ओरखडा नाही, रंग सुटलेला नाही, काही नाही. शिरीष हळूच म्हणाला, "झालं नाही ना काही? मग कळवायलाच हवं का?"

"हवं."

"कळवलंस तर काम थांबवतील."

"थांबवतील."

"आजोबांचं काय मग?"

मला तेच विचारायचं होतं, पण विचारायला कुणी नव्हतं. चित्राला काही लागलं, हललं, कललं की मालकाला आणि विमा कंपनीला त्याच दिवशी कळवायचं, हे मी नव्या मुलांना पहिल्या दिवशी शिकवते. मालक आपलं चित्र माझ्या हाती देतो तो त्या एका भरवशावर. मी कळवलं. संध्याकाळपर्यंत उत्तर आलं: चित्रांच्या डॉक्टरने तपासून दाखला देईपर्यंत कशालाही हात लावू नये. कशालाही, म्हणजे त्या छोट्या पेटीलाही.

परत जाताना गाडीत, आइंडहोवेन जवळ आल्यावर शिरीष म्हणाला, "तुझ्या जागी मी असतो तर मीही कळवलं असतं. आमच्याकडे एक काच कलली तरी सगळी लाइन थांबते." त्याने हे सांगितलं याचं मला फार बरं वाटलं.

मंगळवार फोन करण्यात गेला. आमची नेहमीची डॉक्टर मास्ट्रिख्टला, तिला प्रवास करायचा नव्हता. मी तिला चित्राचे फोटो पाठवले, मग व्हिडिओवर टॉर्च ती सांगेल तसा फिरवला. वरून, खालून, कडेने, पुन्हा वरून. तिचा दाखला आला बुधवारी दुपारी. भाचीला म्हटलं, आज संध्याकाळी. ती म्हणाली, त्यांची बॅग भरून झाली आहे, सकाळी गाडी येणार.

उरलेली चित्रं आम्ही एकही शब्द न बोलता लावली. हेंक म्हणाला, इतकी शांतता त्याला सोसवत नाही. मग छोटी पेटी. वरचे स्क्रू काढले, फोम काढला, कागद उलगडला. लाल खडू ताजा वाटावा असा होता. मी तपासलं, मग ते रांगेच्या मधोमध ठेवलेल्या रिकाम्या जागी टांगलं. दोन्ही बाजूंना झग्यातले देखणे कवी, आणि मध्ये हा एवढासा, बोलत उभा असलेला.

फोन लागला. आजोबा कोट घालून, टाय लावून बसले होते.

"मी उद्घाटनाला आलोय," ते म्हणाले. "बाकी पाहुणे कुठायत?"

"तुम्ही एकटेच," मी म्हटलं. "आधी एक सांगते. ते रांगेत लागलं आहे."

भाचीचा हात हलला असावा, फोनवरचं दृश्य डुगडुगलं.

"दिवे लावते. पण तुमच्या चित्रासाठी दहा मिनिटंच. त्यापुढे नाही."

शिरीषने मुख्य बटण दाबलं. मी फोन घेऊन रांगेच्या एका टोकाकडून चालत निघाले. आजोबांनी प्रत्येक कवीला काहीतरी ऐकवलं. "हा बघा, अपचन झाल्यासारखा." "या चित्रकाराने खांदे उसने आणलेत." "हा झगा तर पडद्याचा आहे." हेंक दारात बसून हसत होता. मधल्या चित्राशी मी आले आणि थांबले.

"जवळ नका नेऊ," आजोबा म्हणाले. "लांबून दाखवा. सगळी रांग."

मी मागे मागे गेले, पाठ समोरच्या भिंतीला टेकेपर्यंत. आता सगळे एकत्र दिसत होते.

"सगळे बसलेत," आजोबा म्हणाले. "उभा आहे तो एकटाच."

इतक्या वेळा बघूनही ते माझ्या लक्षात आलं नव्हतं. आजोबा बराच वेळ बघत राहिले. भाचीने काही विचारलं, त्यांनी हाताने तिला गप्प केलं.

मग म्हणाले, "बाई, किती वेळ झाला?"

"निम्मा झाला असेल."

"मग घालवा दिवे."

"अजून आहे वेळ. तुमचाच आहे तो."

"माझं बघून झालं. उरलेला ठेवा. दार उघडेल तेव्हा माणसं येतील, त्यांना द्या."

मी शिरीषला खूण केली. बटणाचा खटका झाला आणि फोनच्या उजेडात फक्त आजोबांचा टाय दिसत राहिला.

माणसं आली नाहीत. टाळेबंदी वाढत गेली, दार उघडलं जूनमध्ये, आणि करार वसंतातच संपले होते. तैलचित्रं आपापल्या घरी गेली. ती उतरवायला हेंक होता, त्याचा जोडीदारही, शिरीषला आम्ही तसदी दिली नाही. जाताना प्रत्येक चित्र मी टॉर्चने पाहिलं. सगळी आली तशीच गेली. मी आजवर केलेल्या मांडण्यांत ही सर्वांत उत्तम होती, असं मला वाटतं, आणि ती एका माणसाने बघितली.

लाल खडूचं चित्र मात्र अजून आमच्याकडे आहे. नवीन वर्षापासून इंग्लंडशी सीमेवरचे कागद बदलले, ते सगळे मी पुरे केले आहेत. वाहतूक कंपनीही तयार आहे. पण आजोबांना ते जुन्या घरी नको आहे, घर विकायला काढलं आहे. त्यांना ते वृद्धाश्रमातल्या आपल्या खोलीत हवं आहे, पलंगासमोर, आणि आणायचं आम्ही दोघांनी. "त्या नमस्कार करणाऱ्याला आणा," असा त्यांचा निरोप आहे; ती गोष्ट हेंकने त्यांना उद्घाटनाच्याच संध्याकाळी सांगून टाकली होती.

मी हो म्हटलं आहे. माझी अट एकच. त्यांच्या खोलीची खिडकी दक्षिणेकडे आहे, दिवसभर ऊन येतं. जाड पडदा लागल्याशिवाय चित्र पेटीतून बाहेर येणार नाही. आइंडहोवेनच्या बाजारातून गडद निळं, दुहेरी विणीचं कापड आणून ठेवलं आहे. भाची माप घ्यायला दोनदा गेली, दोन्ही वेळा आश्रमात कुणाला तरी लागण झालेली निघाली आणि तिला खालूनच परत पाठवलं. आजोबांना विचारलं तर ते म्हणतात, खिडकी साधारण कवीएवढी आहे. त्या मापाने मी कापडाला कात्री लावणार नाही. पडदा शिवायचा राहिला आहे.